मुंबई-गोवा हायवे: रस्ता रुंद केला, पण पाऊस आणि पाखाडी प्लॅनमध्ये कुठे होते?

गणपतीच्या आदल्या रात्री ज्यांनी माणगावच्या बाजारात इंजिन बंद करून दोन-दोन तास काढलेत त्यांना हे प्रकरण वेगळं समजावून सांगायला नको. पण ती कोंडी होते कशी ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. मुंबईहून आलेली सगळी गर्दी तिथे येते, ताम्हिणी घाट उतरून पुण्याची गर्दी तिथेच येऊन मिळते, श्रीवर्धन-दिवेआगरकडे जाणारे तिथेच वळतात, आणि या सगळ्याच्या मध्ये माणगावकरांचा रोजचा बाजार, रिक्षा, एसटी स्टँड, शाळेची पोरं. म्हणजे एकाच पट्ट्यावर चार वेगवेगळी कामं चाललीत आणि कागदावर मात्र त्याला एकच नाव आहे, राष्ट्रीय महामार्ग ६६, आमच्या पिढीच्या तोंडी अजून एनएच १७ च.

हे लिहायला बसलो कारण हायवेबद्दल बोलताना आपण सगळे "कधी पूर्ण होणार" एवढंच विचारतो. माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात, लहानपणापासून हा रस्ता एसटीच्या खिडकीतून बघितलाय आणि आता स्वतः गाडी चालवत बघतो, आणि मला हळूहळू असं वाटायला लागलंय की उशीर हा या प्रकरणाचा अर्धाच भाग आहे. मुळात प्लॅन कशाचा केला गेला? गाड्या लवकर गोव्याला पोचाव्यात याचा केला गेला. या पट्ट्यात राहणाऱ्या, चालणाऱ्या, रस्ता ओलांडणाऱ्या माणसांचा आणि इथे पडणाऱ्या पावसाचा प्लॅन त्यात नंतर चिकटवला गेला, तोही जमेल तिथे.

आधी ढोबळ हकीकत. पनवेलजवळ पळस्पे फाट्यापासून हा रस्ता सुरू होतो आणि सिंधुदुर्गात पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. पनवेल ते इंदापूर (रायगडातलं, पुण्याकडचं नाही) हा ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा, चौपदरीकरणाचं काम २०११ ला सुरू झालं, ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. इंदापूरपासून झारापपर्यंतचा लांबलचक टप्पा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे, दहा पॅकेजमध्ये तोडलेला, दहा ठिकाणी वेगवेगळे ठेकेदार. झाराप ते पत्रादेवी आधीच चौपदरी झाला होता. खारेपाटणपासून खालचा सिंधुदुर्गातला भाग बराच लवकर झाला, आणि रत्नागिरी जिल्ह्यातले आरवली ते कांटे, कांटे ते वाकेड हे टप्पे वर्षानुवर्षं रखडले, ठेकेदार बदलावे लागले. २०११ ला जो मुलगा पहिलीत होता तो दहावी होऊन, बारावी होऊन कॉलेजला गेला तरी त्याच्या गावाजवळ डायव्हर्जनचा बोर्ड उभाच होता.

आणि इथेच मला या प्रकरणातला पहिला मोठा धडा दिसतो जो फारसा कुणी बोलत नाही. डायव्हर्जन. अर्धवट पुलाच्या बाजूने मातीचा भराव टाकून, वर थोडी खडी-डांबर पसरून काढलेली ती वाट "तात्पुरती" म्हणून काढली जाते, त्यामुळे तिला गटार नसतं, लाइट नसतो, वळणाला उतार बरोबर नसतो, पांढरे पट्टे नसतात. काम दोन वर्षांत उरकणार असेल तर चालून जातं हो. पण काम दहा-बारा वर्षं चाललं की ती तात्पुरती वाट हाच लोकांचा खरा रस्ता होतो, लोक त्याच्यावरूनच बाळंतपणाला जातात, त्याच्यावरच पडतात. म्हणून कुठल्याही लांब पल्ल्याच्या प्लॅनमध्ये बांधकामाच्या काळातला रस्ता हा स्वतंत्र रस्ता धरून त्याचं डिझाइन आणि त्याचे पैसे वेगळे ठेवायला पाहिजेत, आणि ठेकेदाराला बिल देताना तो रस्ता कसा ठेवलाय ते आधी बघायला पाहिजे.

उशिराची कारणं म्हणाल तर एक नाही. सुरुवातीलाच कर्नाळा पक्षी अभयारण्यातून रस्ता जातो, तिथे वनखात्याच्या परवानग्यांत वेळ गेला. मग जमीन. कोकणातला सातबारा ज्याने बघितलाय त्याला कळेल, एका गुंठ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली आणि वारस लागलेले नाहीत, कुळांचे जुने प्रश्न, एकाची सही मिळाली तर दुसरा भावकीचा वाद काढतो. याला लोकांना दोष देऊन काही होत नाही, शंभर वर्षांची वाटणी त्या कागदावर साचलेली आहे. पण हे माहीत होतंच की! मग जमीन ताब्यात यायच्या आधीच काम का वाटून टाकलं? त्यामुळे झालं असं की मोकळ्या माळावर झकास काँक्रीट आणि गावात आलं की परत जुना दुपदरी रस्ता, परत काँक्रीट, परत खड्डे. वेगात आलेली गाडी अचानक अरुंद रस्त्यावर येते, आणि तो सांधाच रात्री सगळ्यात धोक्याचा.

आता पावसाचं. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत. या रस्त्यावर सगळ्यात जास्त गर्दी कधी असते? गणपतीला. म्हणजे अडीच-तीन महिने पाऊस खाऊन रस्ता जेव्हा सगळ्यात कमजोर झालेला असतो नेमका तेव्हाच त्याच्यावर वर्षातला सगळ्यात मोठा भार येतो. ट्रॅफिकचा सर्व्हे साधारण सात दिवस गाड्या मोजून करतात, त्यात हे गणित कुठे येणार? मग दरवर्षी तेच, ऑगस्टमध्ये मंत्र्यांचे दौरे, "गणपतीआधी एक लेन पूर्ण", भर पावसात खड्डे भरणं, पाऊस ते भरलेलं पुन्हा उचकटून काढतो, अवजड वाहनांना काही दिवस बंदी, चाकरमान्यांना टोलमाफीचे पास. हे सगळं करावं लागतं मान्य, पण मुदतच गणपतीची धरली की काम पावसाळ्यातच घाईला येतं, आणि काँक्रीट काय किंवा डांबर काय, घाई आणि पाऊस दोन्ही एकदम त्याला सोसत नाही. मुदत ३१ मे ची हवी. त्यानंतर जे उरेल ते झाकून, पाण्याला वाट काढून देऊन थांबायचं.

दरडींचा भाग मात्र जरा सविस्तर सांगतो कारण मला तो सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. आपल्याकडे डोंगरात वर जांभा असतो, सच्छिद्र, पाणी पिऊन घेणारा. त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ चिकट मातीचा थर, आणि त्याखाली काळा कातळ. पाऊस जांभ्यातून झिरपतो, कातळाला अडतो, मधला चिकट थर भिजून लोण्यासारखा होतो आणि वरचं सगळं सरकतं. आता असा डोंगर कापायचा तर पायऱ्या-पायऱ्यांनी, तिरका कापायला पाहिजे, वरून येणारं पाणी माथ्यावरच गटारात धरून बाजूला न्यायला पाहिजे. पण तिरकं कापायचं म्हणजे जागा जास्त लागते, जागा जास्त म्हणजे संपादन जास्त, परत तो सातबारा. मग उभी भिंतीसारखी कापणी होते. कमी जागेत चार लेन बसल्या, कागदावर पैसे वाचले, आणि डोंगर दर पावसात हिशोब मागायला खाली येतो.

खेड आणि चिपळूणच्या मधला परशुराम घाट बघा. डोंगरावर परशुरामाचं देऊळ आणि वस्ती, पायथ्याशी पेढे गाव, आणि मधल्या कमरेत चौपदरी रस्ता कोरायचा. वरचे लोक म्हणतात आमची घरं खाली येतील, खालचे म्हणतात दगड आमच्या घरावर येतील, आणि दोघांचं बरोबर. २०२१ च्या पावसात तिथे दरड खाली घरांवर आली, माणसं गेली. २०२२ च्या एप्रिल-मे मध्ये रोज दुपारचे काही तास घाट चक्क बंद ठेवून काम करावं लागलं, तरी जुलैत परत बंद. अशा जागी बोगद्याचा विचार पहिल्या दिवशी व्हायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. कशेडीला तो झाला, पोलादपूर आणि खेडच्या मधल्या त्या घाटात आधी ट्रकच्या मागे पाऊण तास रांगत जावं लागायचं, सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीच्या तोंडावर एक बोगदा हलक्या गाड्यांना उघडला आणि तोच डोंगर दहा-पंधरा मिनिटांत पार व्हायला लागला. नंतर आत पाणी गळतं म्हणून पुन्हा डागडुजी आली ती वेगळी, पण दिशा बरोबर होती.

आणि सगळ्यात लागणारी गोष्ट म्हणजे हे शिकायला परदेशात जायची गरज नव्हती. याच डोंगरांतून कोकण रेल्वे जाते. २६ जानेवारी १९९८ ला ७४१ किलोमीटरची पूर्ण लाइन सुरू झाली, तिनेही सुरुवातीला डोंगर उभे कापले होते, आणि तिने त्याची भयंकर किंमत मोजली, जून २००३ ला वैभववाडीजवळ आणि जवळपास वर्षाने जून २००४ ला महाडजवळ करंजाडीला, दोन्ही वेळा रुळांवर आलेल्या दरडी-दगडांनी गाड्या घसरल्या आणि माणसं मेली. त्यानंतर रेल्वेने काय केलं? कटिंगचे, म्हणजे रुळांसाठी कापलेल्या कड्यांचे, उतार कमी केले, दगड अडवायला जाळ्या टाकल्या, दगड पडला की ताण जाणवून सिग्नल देणारी "रक्षा धागा" ही यंत्रणा काढली, पावसात रात्रंदिवस गस्तीला माणसं ठेवली, आणि मुख्य म्हणजे पावसाळी टाइमटेबल आणलं, वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर गाड्या मुद्दाम हळू चालवल्या (आता तो काळ थोडा कमी केलाय). म्हणजे रेल्वेने मान्य केलं की इथे वर्षाचे दोन भाग आहेत आणि पावसातली लाइन ही वेगळी लाइन आहे. शेजारून जाणाऱ्या हायवेने हे अजून मान्य केलेलं नाही. हायवेला पावसाळी वेगमर्यादा नाही, कोणत्या कटिंगखाली किती पाऊस झाला की गाड्या थांबवायच्या याचा आधी ठरवलेला आकडा नाही, दरड पडली की मग पोलीस, जेसीबी, आणि वळवलेली वाहतूक.

पुलांचं तसंच. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाडचा माणूस विसरणार नाही. सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात गेला आणि अंधारात दोन एसटी, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, आणि काही लहान गाड्या तशाच पाण्यात गेल्या, ४० च्या आसपास माणसं गेली. शेजारी नवा पूल उभा होता, जुना एका बाजूच्या वाहतुकीला वापरात ठेवला होता. पूल पडलाय हे पहिल्यांदा कळलं ते जवळच्या गॅरेजमधल्या माणसाला, त्याने धावत जाऊन गाड्या थांबवल्या नसत्या तर आकडा कुठे गेला असता देव जाणे. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला केला. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं! पण ते दुर्घटनेनंतर होतं. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण-महाड बुडाले तेव्हा वाशिष्ठीच्या जुन्या पुलानेही दगा दिला आणि हायवे तुटला. अशा कॉरिडॉरमध्ये ब्रिटिशांच्या काळातल्या प्रत्येक पुलाचं वय, पायाभोवतीची माती किती वाहून गेलीय, पुराची पातळी कुठवर येते, हे दरवर्षी मे महिन्यात तपासून पुलावरच बोर्डाला लावावं, आणि पाणी खुणेच्या वर गेलं की फाटक पडावं. रेल्वेच्या फाटकाला आपण थांबतोच ना.

आता गावं. प्लॅनवाल्यांच्या नकाशात गाव म्हणजे एक नाव आणि एक किलोमीटरचा आकडा. पण कोकणातलं गाव एका जागी गोळा होऊन बसलेलं नसतं, वाड्या-वाड्यांनी डोंगरउतारावर पसरलेलं असतं. वरची वाडी हायवेच्या वर, शेती आणि नदी खाली, देऊळ एका बाजूला तर शाळा दुसऱ्या. या सगळ्याला जोडते ती पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट, आणि वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, साकव, छोटा पायी पूल. जुना रस्ता दुपदरी होता, वडा-आंब्याच्या सावलीतला, माणूस दोन्हीकडे बघून ओलांडायचा. आता चार लेन काँक्रीट, मध्ये दुभाजक, ती सगळी झाडं गेली, आणि पाखाडी त्या कापलेल्या कड्यावर येऊन संपते. माझ्या मामांच्या वाडीला खालच्या शेतात जायला अंडरपास आहे, पण तो सव्वा किलोमीटर पुढे. सत्तरी ओलांडलेला माणूस डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन सव्वा किलोमीटर जाऊन तेवढंच परत येईल? तो दुभाजकावरून पाय टाकूनच जाणार. मोटारसायकलवाला राँग साइडने येणार. हॉटेलवाला दुभाजक फोडून घेणार. मग अपघात झाला की आपण म्हणतो लोकांना शिस्त नाही. मला हे अजिबात पटत नाही. जिथे माणसं रोज ओलांडतात तिथे ओलांडायची सोय नसेल तर चूक ड्रॉइंगमध्ये आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. अलाइनमेंट, म्हणजे रस्त्याची आखणी, फिक्स करायच्या आधी प्रत्येक वाडीतून एक म्हातारा, एक शाळेत जाणारं पोर आणि एक गुराखी यांच्याबरोबर चालायचं, पाखाड्या नकाशावर मारायच्या, आणि जिथे पाखाडी तुटते तिथे पायी पूल किंवा बॉक्स कल्व्हर्ट (रस्त्याखालची चौकोनी मोरी) द्यायचं. पाण्यासाठी मोऱ्या बांधायच्याच असतात, त्यातली एखादी थोडी उंच केली तर गुरं आणि माणसं दोन्ही जातात. एसटीचा थांबा तर अगदीच विसरलेला विषय. फ्लायओव्हर झाला की लांब पल्ल्याची एसटी वरून निघून जाते आणि प्रवासी खाली सर्व्हिस रोडवर छत्री धरून उभा, कारण कुठली गाडी वरून जाणार आणि कुठली खालून हे कुणी ठरवलेलंच नाही.

शहरांत फ्लायओव्हर की बायपास हा वाद आहेच. कणकवलीने फ्लायओव्हर घेतला, चिपळूणनेही. चिपळूणचा १६ ऑक्टोबर २०२३ ला बहादूरशेख नाक्यावर काम चालू असतानाच कोसळला, जीव गेला नाही हे नशीब, मग डिझाइन बदलून खांबांमधलं अंतर कमी करून पुन्हा मांडणी. माणगाव आणि इंदापूरला बायपास ठरले आणि तेच सगळ्यात मागे पडले, म्हणून ती सुरुवातीला सांगितलेली कोंडी. माझं मत बायपासच्या बाजूने आहे, पण एका अटीवर, बायपासच्या दोन्ही बाजूंना टपऱ्या-हॉटेलं-प्लॉटिंग होऊ न देण्याचं ग्रामपंचायत आणि नगरपंचायतीने आधी ठरवलं पाहिजे, नाहीतर दहा वर्षांनी तिथेच नवा बाजार उभा आणि बायपासला बायपास.

आणि सगळा भार एकट्या हायवेने का उचलायचा? वडखळ-नागोठण्याचे कारखाने, महाडची एमआयडीसी, लोटे-परशुरामचे केमिकलचे टँकर, जयगडकडून रत्नागिरीजवळच्या हातखंब्याला येणारे गॅसचे टँकर, हे सगळं त्याच लेनमधून चालतं ज्यातून आजी भाजीची पाटी घेऊन एसटीने जाते. हातखंब्याच्या उतारावर टँकर उलटला की अर्धा दिवस सगळं ठप्प. रेल्वेवर ट्रकांची रो-रो सेवा १९९९ पासून आहे, कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला ट्रकच्या ट्रक वॅगनवर चढून जातात, चांगली कल्पना. २०२५ च्या गणपतीत हीच सोय कारसाठी काढली, प्रतिसाद अगदी थोडा मिळाला, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. मुंबईकराला कोलाडला पोचायला पेण-नागोठणे हा त्रासाचा भाग आधी गाडीनेच पार करायचा, आणि रत्नागिरीला उतरायची सोय नाही. रो-रो पनवेलच्या आसपास सुरू होऊन चिपळूण-रत्नागिरीला उतरायला मिळाली तर लोक चढतील. पण त्याला लाइन पाहिजे, आणि दुहेरी लाइन रोहा ते वीर एवढीच झालीय, २०२१ मध्ये. पुढे एकेरी रुळावर एक्स्प्रेस, मालगाड्या, गणपती स्पेशल सगळं क्रॉसिंगला थांबत थांबत चालतं. हायवेवर जेवढा जीव काढला त्याच्या निम्मा जरी दुहेरीकरणावर काढला असता तर चाकरमान्याने गाडी बाहेरच काढली नसती.

समुद्राच्या बाजूचा रेवस-रेड्डी सागरी मार्ग माजी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून बोलला जातोय, खाड्यांवरचे मोठे पूल हीच त्याची अडचण, तोवर दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी इथल्या फेरीबोटी लोकांचं काम चालवतात आणि उत्तम चालवतात. आता पेणपासून पत्रादेवीपर्यंत वेगळा द्रुतगती मार्गही नकाशावर आलाय. त्याला माझा सरसकट विरोध नाही, पण तोच डोंगर, तेच वहाळ, तोच सातबारा. आधीच्या रस्त्याने कापलेल्या कड्यांची पाणीवाट लावल्याशिवाय वर दुसरा कडा कापायला घेणं मला भीतीदायक वाटतं.

माझ्या हातात असतं तर क्रम असा लावला असता: पहिल्या दोन वर्षांत फक्त पाणी, म्हणजे माथ्यावरची गटारं, मोऱ्या, कटिंगचे उतार आणि पावसाळी गस्त. त्याच्याबरोबरीने पाखाड्यांवरचे पूल आणि एसटी थांबे, कारण हे स्वस्त आहे आणि याला मोठा ठेकेदार लागत नाही, तालुक्यातला माणूसही करेल. मग माणगाव-इंदापूर बायपास आणि रत्नागिरीतले उरलेले सांधे. दुहेरी रेल्वे पाच ते दहा वर्षांच्या हिशोबात, जड मालाला तिच्यावर ढकलण्यासह. नवा रस्ता त्यानंतर, आणि तेव्हाही मोजणी पौषात नको, श्रावण-भाद्रपदात करा.

मामांच्या वाडीने पायी पुलासाठी दोनदा अर्ज दिलाय, ग्रामसभेचा ठराव जोडून. शाळा जूनमध्ये सुरू झाली. पोरं सकाळी दहाच्या सुमारास दप्तरं डोक्यावर धरून दुभाजक ओलांडतात, आणि पलीकडच्या चहाच्या टपरीवाला तेवढी पंधरा मिनिटं टपरी सोडून लाल फडका घेऊन रस्त्यात उभा राहतो.